परदेशची इतिहास-सहल : मुलांस न्यावें कोठें आणि कसें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची पुतणी शाळेच्या सहलीबरोबर युरोपांत जाऊन आली. सहलीच्या पत्रकावर 'इतिहास-दर्शन' असें ठळक अक्षरांत छापलेलें होतें, आणि त्याखालीं दहा दिवसांत पांच देश व आठ शहरें दाखविण्याचें आश्वासन होतें. आमचें घर एकत्र कुटुंबाचें. सोळा माणसें एका स्वयंपाकावर जेवतात. तेव्हां एका मुलीवर एवढी रक्कम खर्च करावी कीं नाहीं, याचा खल आठवडाभर माजघरांत चालला होता. शेवटीं काकूंनीं आपल्या ठेवींतून थोडे पैसे काढून दिले. नानांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, "इतिहासासाठीं जाते आहे ना, मग जाऊं द्या" असा निकाल दिला, आणि मुलगी विमानांत बसली.

ती परत आली त्या रात्रीं सारें घर तिच्याभोंवतीं जमलें. नानांनीं विचारलें, "काय ग, रोम पाहिलेंस ना? कसें आहे?"

"नाना, फार मोठी रांग होती," ती म्हणाली, "आणि बाईंनीं चाळीस मिनिटांत बसपाशीं परत यायला सांगितलें होतें."

छायाचित्रें सहाशेंवर होतीं. त्या सर्वांत ती स्वतः होती; तिच्या पाठीमागें जें होतें, त्यांतील अर्ध्याअधिक गोष्टींचीं नांवें मात्र तिला सांगतां येईनात. यांत मुलीचा दोष कांहींच नव्हता. एक गोष्ट तेवढी तिनें आपणहून सांगितली. रोमहून दक्षिणेस नेपल्सकडे जातांना बसच्या खिडकींतून एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड पांढरी इमारत दिसली. "तें काय आहे?" असें तिनें विचारलें, तेव्हां बरोबरचा वाटाड्या म्हणाला, "तें आपल्या कार्यक्रमांत नाहीं."

तें काय होतें, हें आम्ही त्याच रात्रीं नकाशा पसरून शोधलें. तो मोंटे कासिनोचा मठ होता. त्या डोंगराच्या पायथ्याशीं जी दफनभूमि आहे, तिच्यांतील स्मारकावर आमच्या कोंकणांतील एका बावीस वर्षांच्या शिपायाचें नांव कोरलेलें आहे. पांच देश आणि आठ शहरें हिंडून आलेल्या आमच्या मुलीला तिच्या स्वतःच्या माणसाजवळून बस निघून गेली, हें कळलेंहि नाहीं. या एका गोष्टीनें आम्हांस विचार करावयास लावलें. परदेशीं शाळेच्या सहली आतां गांवोगांवांहून निघूं लागल्या आहेत, आणि वाचकांपैकीं अनेकांच्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. म्हणून त्या विचाराचें फल येथें मांडीत आहों.

ज्या देशांत शाळेच्या इतिहास-सहलींची रीत चांगली मुरलेली आहे, तेथील पद्धत आधीं पाहूं. इंग्लंडमधील शाळा कित्येक वर्षांपासून आपले विद्यार्थी बेल्जममधील ईप्र या गांवीं नेत असतात. पहिल्या महायुद्धांत या गांवाभोंवतीं लाखों माणसें कामास आलीं. गांवाच्या वेशीवर मेनिन दरवाजा नांवाची मोठी कमान आहे. ज्यांचीं प्रेतें सांपडलीं नाहींत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें तिच्या भिंतींवर कोरलेलीं आहेत, आणि त्यांत हिंदी शिपायांचींहि नांवें आहेत. १९२८ सालीं सुरू झालेला एक परिपाठ तेथें आजहि चालूं आहे : रोज रात्रीं आठ वाजतां त्या कमानीखालीं मृतांच्या स्मरणार्थ बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धांत गांव जर्मनांच्या ताब्यांत होतें, तेवढ्या वर्षांपुरताच काय तो खंड पडला. इंग्लंडमधील मुलें तेथें येतात, तीं पुष्कळदां एखादें नांव वहींत लिहून घेऊन येतात. तें नांव त्यांच्या गांवच्या एखाद्या माणसाचें किंवा त्यांच्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थ्याचें असतें. तें नांव तीं भिंतीवर शोधतात, आणि सांपडलें म्हणजे कांहीं वेळ तेथें उभीं राहतात.

युद्धारंभास शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०१४ सालीं, तेथील सरकारनें एक योजना काढली. इंग्लंडमधील प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेंतून दोन विद्यार्थी व एक शिक्षक यांस या रणभूमी दाखवावयाच्या, आणि परत आल्यावर त्या दोघांनीं आपण पाहिलेलें गांवांतील इतरांस सांगावयाचें. शंभर मुलें नेऊन शंभर जणांस अर्धवट दाखविण्यापेक्षां दोघांस नीट दाखवून त्यांच्याकरवीं शंभरांस सांगविणें, हा यांतील हिशेब आहे. आम्हांस तो फार शहाणपणाचा वाटला. या पद्धतींतून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, मुलानें घरून निघतांना आपल्याबरोबर कांहीं तरी शोधावयाचें घेऊन निघावें. दुसरी ही कीं, जो जातो त्यानें न गेलेल्यांसाठीं कांहीं तरी घेऊन परत यावें.

आतां आपल्या मुलांनीं शोधावयाचें तें काय? येथें इटलीचें उदाहरण घेऊं. कारण त्या देशांत आपलीं माणसें आहेत. दुसऱ्या महायुद्धांत सुमारें ५० हजार हिंदी सैनिक इटलींत लढले. चौथी, आठवी व दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजना तेथें होत्या. त्यांतील ५,७८२ जण परत आले नाहींत. इटलीच्या मोहिमेंत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकीं सहा हिंदी सैनिकांनीं मिळविले, आणि या सहांत दोन मराठे आहेत.

पहिले नाईक यशवंत घाडगे. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्यांत पळसगांव आहे, तेथले ते. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते एका तुकडीचे नाईक होते. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि नाईक सोडून सर्व जण पडले. घाडगे एकटेच त्या मोर्च्यावर धांवून गेले. हातगोळा टाकून त्यांनीं मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केलें, दुसऱ्यास गोळी घातली. बंदुकींत नव्या गोळ्या भरावयास अवकाश नव्हता. म्हणून उरलेल्या दोघांस त्यांनीं बंदुकीच्या दस्त्यानेंच लोळविलें. इतक्यांत शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांस लागल्या आणि जिंकलेल्या मोर्च्यांतच त्यांनीं प्राण सोडला. त्यांचें थडगें नाहीं, समाधि नाहीं. कासिनोच्या स्मारकावर जीं चार हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांचीं नांवें आहेत, त्यांत त्यांचें एक. त्या खोऱ्यांत एका टेंकडीवर मोंटोने नांवाचें जुनें तटबंदीचें गांव आहे. त्या गांवानें २०२३ च्या जुलै महिन्यांत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलें. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा कीं, आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों.

दुसरे शिपाई नामदेव जाधव. नगर जिल्ह्यांतले, पहिल्या पलटणींतले. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदी ओलांडतांना त्यांची छोटी टोळी जवळजवळ नष्ट झाली. जाधवांनीं दोघां जखमींस, एकामागून एक, खोल पाण्यांतून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाहून सुरक्षित जागीं पोंचविलें. आणि मग परत जाऊन शत्रूचे तीन मशीनगनचे मोर्चे एकट्यानें बंद पाडले. हाताला गोळी लागल्यावर त्यांनीं बंदूक टाकली व हातगोळे घेतले. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभें राहून त्यांनीं मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांस पुढें बोलाविलें. ते वांचले, स्वतंत्र हिंदुस्थान त्यांनीं पाहिला, आणि १९८४ सालीं वारले.

हीं दोन्ही नांवें आम्ही घरांत वाचून दाखविलीं तेव्हां माजघरांत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. आमच्या घरांत पुस्तकांचीं चार कपाटें आहेत. पानिपतावर किती घोडीं होतीं, यावर आमच्याकडे रात्र रात्र वाद होतात. परंतु माणगांवच्या या शेतकरी घरांतील मुलाचें नांव त्या चारी कपाटांत नव्हतें, आणि ज्यानें कित्येक वर्षें शाळेंत इतिहास शिकविला त्या आमच्या तोंडींहि तें कधीं आलें नव्हतें. ही आमची लाज आहे, आणि ती येथें कबूल केलेली बरी.

नाना मात्र स्वस्थ बसले नाहींत. ते म्हणाले, "शौर्य मोठें, यांत शंका नाहीं. पण हे लढले कोणासाठीं? आमचे वडील १९४२ सालीं येरवड्यास होते. त्यांस ज्या सरकारनें तुरुंगांत टाकलें, त्याच सरकारचे हे शिपाई. मुलांस तुम्ही काय शिकविणार?"

प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून केलेली सहल खोटी होईल. १९४४ च्या जुलैंत गांधीजींची सुटका होऊन दोनच महिने झाले होते. कित्येक देशभक्त अद्याप तुरुंगांत होते. त्याच महिन्यांत एक मराठा तरुण हजारों मैलांवर इटलीच्या एका टेंकडीवर, आपल्या देशावर राज्य करणाऱ्या सरकारच्या वर्दींत, दुसऱ्या देशाच्या मुक्ततेसाठीं मरत होता. घरचें पोट, पलटणीची परंपरा, आपल्या नाईकावरील व सोबत्यांवरील विश्वास, अशा पुष्कळ गोष्टींनीं माणूस तेथवर गेलेला असतो. आमच्या आजोबांचें येरवडें खरें आणि घाडग्यांचें मोंटोनेहि खरें. या दोहोंतून एक निवडून दुसरें पुसून टाकावें, असें इतिहास सांगत नाहीं. मुलांस या प्रश्नाचें तयार उत्तर देऊं नये. प्रश्नच बरोबर द्यावा. आमच्या मतें सहलीचें सारें नियोजन या एका प्रश्नाभोंवतीं व्हावें : साम्राज्यासाठीं लढणारा परप्रांतीय शिपाई, तो खरा कोणाचा?

एकदां प्रश्न ठरला म्हणजे स्थळें आपोआप ठरतात, आणि मुख्य म्हणजे कमी होतात. देश एक, मुक्काम चार, रात्री आठ. याहून अधिक नको. पहिला मुक्काम रोम. तेथें पाहण्याजोगें इतकें आहे कीं, सर्व पाहूं म्हणणारा कांहींच पाहत नाहीं. मुलांस ट्राजन बादशहाच्या स्तंभापाशीं न्यावें. इ. स. ११३ मध्यें उभारलेल्या या स्तंभावर डेसियाच्या स्वारीची चित्रमालिका सर्पाकार वर चढत गेली आहे. तींत नीट पाहिलें तर दिसतें कीं, रोमन नागरिकांच्या पलटणी पुष्कळदां किल्ले व रस्ते बांधीत आहेत, आणि आघाडीवर लढणारे शिपाई बऱ्याच ठिकाणीं जिंकलेल्या प्रांतांतून भरती केलेले आहेत. अशा शिपायास पंचवीस वर्षें चाकरी केल्यावर रोमचें नागरिकत्व मिळत असे. एवढें सांगून मुलांस अर्धा तास तेथें सोडावें. नानांचा प्रश्न एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या दगडावर मुलें आपली आपण वाचतील.

दुसरा मुक्काम कासिनो. रोमच्या आग्नेयेस सुमारें १३० किलोमीटरवर. येथें दोन पूर्ण दिवस द्यावे. डोंगरावरील मठ संत बेनेडिक्टनें इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिला. लोंबार्डांनीं, मग अरबांनीं, पुढें १३४९ च्या भूकंपानें आणि शेवटीं १९४४ च्या बाँबवर्षावानें, असा तो चार वेळां पडला आणि प्रत्येक वेळीं पुन्हां उभा राहिला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं दोस्तांच्या विमानांनीं तो उद्ध्वस्त केला. त्या वेळीं जर्मन सैन्य मठाच्या आंत नव्हतें. आंत भिक्षु होते, आणि आश्रयास आलेले गांवकरी होते, त्यांतले पुष्कळ मेले. डोंगरावर चढाई करण्याचें काम आपल्या चौथ्या हिंदी डिव्हिजनकडे होतें, आणि मठावर भारी बाँबहल्ला झाल्याखेरीज चढाई करूं नये, हा आग्रह त्याच डिव्हिजनच्या इंग्रज सेनापतीचा होता. याच्या उलट, मठांतील अमोल ग्रंथ व हस्तलिखितें १९४३ च्या अखेरीस रोमला हलवून वांचविण्यांत पुढाकार होता तो दोघां शत्रुपक्षीय अधिकाऱ्यांचा. मुलांस हें सर्व सांगावें. आपल्या बाजूचें सर्व शुभ्र व दुसऱ्या बाजूचें सर्व काळें, असा इतिहास घरबसल्याहि शिकतां येतो. त्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं.

म्हणूनच कासिनोस केवळ आपलें स्मारक पाहून परत फिरूं नये. जवळच कैरा गांवीं जर्मनांची दफनभूमि आहे; तेथें वीस हजारांहून अधिक जण पुरलेले आहेत. त्यांतील पुष्कळांचें वय आपल्या महाविद्यालयांतील मुलांएवढें होतें. मठाच्या बाजूस पोलिश सैनिकांची दफनभूमि आहे. १८ मे १९४४ रोजीं मठाच्या भग्नावशेषांवर निशाण लावलें तें पोलिश सैन्यानें. येथें महाराष्ट्राच्या मुलांस आणखी एक धागा सांपडेल. हें सैन्य जनरल अँडर्स यांनीं रशियाच्या कैदेंतून सुटलेल्या पोलिश लोकांतून उभारलें होतें. त्याच लोकांबरोबर बाहेर पडलेल्या बायका, मुलें व म्हातारीं यांपैकीं सुमारें पांच हजार जणांस १९४३ ते १९४८ पर्यंत आसरा मिळाला तो कोल्हापूरजवळ वळिवडे येथें. कित्येक कुटुंबांतले कर्ते पुरुष अँडर्सच्या सैन्यांत आणि घरचीं माणसें पंचगंगेच्या खोऱ्यांत, अशी ती ताटातूट होती. कोल्हापूरच्या एखाद्या मुलानें त्या थडग्यांपुढें उभें राहून "यांचीं मुलें आमच्या गांवीं खेळत होतीं" असें म्हटलें, तर त्या एका वाक्यांत पुस्तकाच्या चार प्रकरणांचें ज्ञान आलें.

तिसरा मुक्काम मोंटोनेच्या आसपास. रोममधून वाहणारी टायबर येथें लहानशी नदी असते. मुलांस तिच्या कांठीं बसवून घाडग्यांची हकीकत वाचून दाखवावी, मग सूर्यघड्याळापाशीं न्यावें. चौथा मुक्काम फोर्ली. तेथें हिंदी सैन्याची दफनभूमि आहे, आणि तिच्या आंत एक दहन-स्मारक आहे. ज्यांस आपल्या धर्माप्रमाणें अग्नि दिला गेला अशा सुमारें आठशें शिपायांचीं नांवें त्यावर आहेत. परमुलखांत, ऐन लढाईंत, सोबत्यांनीं लांकडें जमवून आपल्या माणसाचा अंत्यविधि केला, हें मुलांस सांगावें. तेथूनच सेनिओ नदी गांठतां येते. तिचे उंच बांध आजहि पाहिले म्हणजे जाधव दोन वेळां कोठें चढले असतील, याची कल्पना येते. जवळ आल्फोन्सिने येथें या नदीवरील लढाईचें संग्रहालय आहे.

आतां व्यवस्थेविषयीं. मुलें वीस-चोविसांहून अधिक नसावीं, आणि आठ मुलांमागें एक मोठें माणूस असावें. त्यांत इतिहासाचा एक शिक्षक व मुलींबरोबर एक बाई अवश्य. वय चवदा-पंधरा बरें. त्याहून लहान मुलांस प्रवासाचा शीण होतो आणि प्रश्नाचें ओझें पेलत नाहीं. हंगाम आमच्या मतें मे महिन्याचा. जुलै-ऑगस्टांत इटलींत ऊन फार कडक असतें. पासपोर्टाची तयारी वर्षभर आधीं करावी. अज्ञान मुलांच्या व्हिसासाठीं आईबापांची संमति लागते, आणि बारा वर्षांवरील मुलांच्या बोटांचे ठसे घेतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधीं घेत नाहींत व पंधरा दिवसांहून उशिरां करून चालत नाहीं. किमान ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. हीं कामें एका जाणत्या पालकाकडे सोंपवावीं. शिक्षकास त्यांत गुंतवूं नये, त्यास मुलांस शिकविण्याचें काम आहे.

घरोघरच्या काकूंचा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे : मुलें खातील काय? इटलींत शाकाहारी माणसाचे हाल होत नाहींत. भात, पाव, टोमॅटो, घेवडे, भाज्या, फळें सर्वत्र मिळतात. मात्र भाताच्या व कडधान्याच्या पदार्थांत मांसाचें पाणी घालण्याची चाल आहे, तें विचारून घ्यावें. आणि वर किसून घालतात तें पार्मेजान चीज वासराच्या जठरांतील विरजणानें केलेलें असतें, हें ज्यांस चालत नाहीं त्यांनीं लक्षांत ठेवावें. मठांत जातांना खांदे व गुडघे झांकलेले असावे आणि बोलणें हलकें असावें. आपल्या देवळांत आपण जी शिस्त मागतों, तीच परक्याच्या देवघरांत पाळावी. रोज एकच मुख्य स्थळ, तेंहि सकाळीं. दुपारीं विश्रांति, आणि संध्याकाळीं तासभर वही. वहींत वर्णन लिहूं नये, प्रश्न लिहावे.

परंतु खरी तयारी निघण्यापूर्वींची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन ही संस्था १९१७ सालीं स्थापन झाली. तिच्या नोंदी कोणासहि पाहतां येतात. त्यांत शिपायाचें नांव, क्रमांक, पलटण, मृत्यूचा दिवस आणि पुष्कळदां बापाचें नांव व गांव-तालुकाहि असतो. प्रत्येक मुलानें सहा महिने आधीं आपल्या जिल्ह्यांतील एक नांव निवडावें. तें गांव शोधावें, जमल्यास तेथें जावें. घरचें कोणी असेल तर नम्रपणें भेटावें, आणि त्यांची इच्छा असेल तेवढेंच विचारावें. इटलींत पोंचल्यावर आपलें नांव भिंतीवर शोधावें.

आणि येथें खर्चाचा प्रश्न सुटतो. चाळीस मुलांच्या वर्गांत परदेशीं जाण्याची ऐपत चौघांची असते. उरलेल्या छत्तिसांस तीं छायाचित्रें पाहून मनांतल्या मनांत खट्टू व्हावें लागतें. शाळेनें असें पंक्तिप्रपंचाचें वाढणें वाढूं नये. आम्ही असें सुचवितों कीं, इटलीची सहल माणगांवापासून सुरू व्हावी. माणगांवच्या तहसील कचेरीपाशीं यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तेथें एस. टी. नें सारा वर्ग जाऊं शकतो. नांवें शोधण्याचें काम सर्वांचें; त्यांतून शिष्यवृत्तीनें वा वर्गणीनें दोघे-चौघे पुढें जातील, ते सर्वांचीं नांवें घेऊन जातील आणि सर्वांसाठीं कागदावर पेन्सिलीनें घासून त्यांचे ठसे घेऊन येतील. पैसेवाल्यानें आपल्या एका मुलाच्या खर्चाबरोबर दुसऱ्या मुलाचा अर्धा खर्च उचलला, तर त्याच्या स्वतःच्या मुलाची सहल दुप्पट चांगली होईल, हें आम्ही अनुभवी शिक्षक या नात्यानें सांगतों.

एवढें लिहून केवळ उपदेश करावा हें बरें दिसलें नसतें. म्हणून गेल्या महिन्यांत आम्ही घरचीं व शेजारचीं मिळून अकरा मुलें घेऊन माणगांवास जाऊन आलों. पुतणी बरोबर होती. पुतळ्यापाशीं ती बराच वेळ उभी होती. या खेपेस तिनें छायाचित्र एकच काढलें, आणि त्यांत ती स्वतः नव्हती. परतीच्या वाटेवर तिनें विचारलें, "त्यांच्या घरीं ही बातमी कशी आली असेल? वाचून कोणी दाखविली असेल?" सहाशें छायाचित्रांतून जें आलें नव्हतें, तें आलें होतें.

येत्या मे महिन्यांत चार मुलें इटलीस जावीं अशी खटपट चालली आहे. त्यांत आमची पुतणी नाहीं. तिची पाळी झाली, आणि तिनें आपणहून आपली जागा सोडली. शेजारच्या ज्या मुलाची वर्णी लागली आहे, त्यास परवां नानांनीं बोलावून घेतलें. आम्हांस वाटलें, पुन्हां येरवड्याचा प्रश्न काढतात कीं काय. तो त्यांनीं काढलाच. त्या मुलानें आपल्या वहींत तो पहिल्या पानावर उतरून घेतला. मग नाना त्यास म्हणाले, "आणि हें पाहा बाळ, तेथें तें नांव रोमन अक्षरांत कोरलेलें असेल. तूं तें मराठींत मोठ्यानें वाच. ऐंशी वर्षें त्याला कोणी त्याच्या बोलींत हांक मारली नसेल."